घोडं नेमकं कुठं अडलं? एका ट्रेलर-खरेदीचा प्रकरण अभ्यास

रात्री पावणेदोनला मित्राचा फोन आला. "अरे, मॅपल सारखी लोळतेय. पोटात दुखतंय तिच्या. डॉक्टर म्हणतायत, लगेच दवाखान्यात आणा. आणू कशातून?"

मॅपल ही त्याच्या लेकीची घोडी. क्वार्टर हॉर्स जातीची, तांबूस, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, मॅपलला 'पंचकल्याणी' म्हणतात आणि ती घरात आल्यापासून सगळं बरं चाललंय असं मानतात. घरात म्हणजे डॅलसच्या उत्तरेला डेंटन काउंटीतल्या एका भाड्याच्या तबेल्यात. या भागात घोडे पाळणारे इतके आहेत की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोनमैल पांढरी कुंपणं दिसतात. पण इतक्या घोडेवाल्यांत राहूनही या घरी ट्रेलर नव्हता. घोडी तबेल्यात, लेक गाडीने तबेल्यात, मग ट्रेलर लागतो कशाला, असा तीन वर्षांचा हिशेब होता.

त्या रात्री तबेल्यातल्या एका शेजारणीने आपला ट्रेलर दिला. दोन घोडे शेजारी-शेजारी तोंड पुढे करून उभे राहतात तसला, आतून काळोखा, मधे पक्की भिंत. दवाखाना चाळीस मैलांवर. मॅपल काही केल्या आत जाईना. पुढचे पाय टाकायची, की लगेच मागे. पन्नास मिनिटं गेली. शेवटी ट्रेलरचं पुढचं छोटं दार उघडून आत बॅटरीचा उजेड सोडला, तेव्हा चढली. पोटात वायू धरला होता. प्रवासाच्या हेलकाव्यांनीच निम्मा मोकळा झाला असावा, असं घोडेवाले म्हणतात. घोडी वाचली, पण त्या पन्नास मिनिटांचा धसका मित्राने घेतला. पुढच्याच आठवड्यात मला निरोप: "तू मेकॅनिकल इंजिनिअर. ट्रेलर कुठला घ्यायचा, सांग."

ही 2024 च्या सप्टेंबरातली गोष्ट. खरेदी झाली नोव्हेंबरात. मधल्या सात आठवड्यांत काय पाहिलं, काय मोजलं आणि कुठे चुकलो, त्याचं हे टिपण. चुकलो त्यात माझा वाटा मोठा आहे.

काय न्यायचं होतं

घोडे दोन. मॅपल पंधरा हँड उंच, दवाखान्याच्या काट्यावर वजन 1,080 पौंड. दुसरा ड्यूक, प्रशिक्षिकेचा खच्ची केलेला घोडा, लेक त्याच्यावर स्पर्धेला जाणार होती. तो 16.2 हँड, वजन 1,280 पौंड. हे 16.2 दशांशात वाचू नये. एक हँड चार इंचांचा, आणि टिंबानंतरचा आकडा उरलेल्या इंचांचा. म्हणजे ड्यूक खांद्याच्या उंचवट्यापाशी 66 इंच. आपल्याकडे वीत-मूठ होती तसलंच हे माप, पण मी पहिल्या दिवशी कॅल्क्युलेटरवर 16.2 गुणिले 4 केलं आणि लेकीने हसून दुरुस्त केलं.

माणसं चार: मित्र, वहिनी, लेक आणि काकू. काकूंचं नाव यादीत असू नये असं मित्राचं म्हणणं होतं. काकू म्हणाल्या, "स्पर्धेला मी येणार. घोड्याला जागा आहे आणि मला नाही?" हा मुद्दा पुढे फारच महत्त्वाचा ठरला.

गाडी होती मधल्या आकाराची एसयूव्ही. कंपनीच्या कागदावर 5,000 पौंड ओढते. मित्राचा समज असा की एक घोडा हजार पौंडांचा, दोन घोडे दोन हजार, म्हणजे अजून तीन हजार शिल्लक. ट्रेलरचं स्वतःचं वजन त्याच्या हिशेबातच नव्हतं. हसू नका, मी विचारलेल्या निम्म्या लोकांच्या हिशेबात ते नसतं.

जाहिरातींमधून आम्ही चार प्रकार निवडले. पहिला, तीन घोडे तिरपे उभे करायचा स्लँट-लोड, पुढे कपडे बदलायची खोली. दुसरा, शेजारणीकडे होता तसला दोन घोड्यांचा सरळ. तिसरा, स्टॉक ट्रेलर, म्हणजे मुळात गुरं न्यायचा, बाजूंना फटी असलेला, आतून मोकळा डबा. चौथा, गूजनेक, ज्याची मान पिकअपच्या हौद्यात जाऊन बसते, आणि पुढे झोपायची सोय. लेकीचा जीव पहिल्यात, मित्राचा चौथ्यात. वहिनींचं एकच म्हणणं: "भाऊजी, पंधरा हजारांच्या वर जायचं नाही."

दारावरचा स्टिकर

एसयूव्ही आधी निकालात निघाली. दोन घोड्यांचा साधा लोखंडी सरळ ट्रेलर रिकामा सुमारे 3,100 पौंडांचा. त्यात दोन घोडे 2,360 आणि खोगीर, गवत, पाणी 400. एकूण 5,860. एकच घोडा न्यायचा तर 4,500 च्या आसपास, म्हणजे कागदावर बसतं. पण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, दाबतोही. या दाबाला इथे टंग वेट म्हणतात आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के असावं लागतं. त्या गाडीची हिच 500 पौंडांपर्यंतच दाब घेणार होती. एका घोड्यातच हद्द गाठली जात होती. शिवाय चाकांमधलं अंतर कमी असलेली हलकी गाडी आणि मागे जिवंत, हलणारं वजन. घोडा वळणावर तोल सांभाळायला पाय बदलतो तेव्हा अख्खी गाडी ते ऐकते.

मित्राने मग जुना पिकअप घ्यायचं ठरवलं, ज्याला इथे हाफ-टन म्हणतात तसला, हलक्या वर्गातला. विक्रेत्याने सांगितलं, नऊ हजारांच्या वर ओढतो. मित्र खूश. आता चारांतला कुठलाही चालेल, असं तो धरून चालला.

इथेच खरं घोडं अडलं होतं, आणि ते कोणाला दिसत नव्हतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक वजनापेक्षा जास्त होता कामा नये. त्या पिकअपवर आकडा होता 1,540 पौंड. ट्रेलर हिचवर जेवढा दाबतो तेवढं या 1,540 मधून वजा होतं, कारण गाडीच्या दृष्टीने ते सामानच. माहितीपत्रकातला ओढायचा आकडा गाडीत जेमतेम एक-दोन माणसं बसलीत असं गृहीत धरून काढलेला असतो. आमच्या गाडीत चौघं, आणि त्यांत काकू.

मी कागद घेतला. माणसं: 185, 140, 115, 110, एकूण 550. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी खास हिच, जी इतक्या दाबाला लागतेच, ती 80. तीन घोड्यांचा स्लँट-लोड रिकामा 4,200, दोन घोडे आणि सहाशेचं सामान धरून 7,160. त्याचे 13 टक्के म्हणजे 930. सगळं मिळून 1,560. वीस पौंड जास्त. अजून खाऊची पिशवी, कुत्रा, थर्मास काहीच धरलं नव्हतं.

"म्हणजे आजीला घरी ठेवायचं?" लेकीने विचारलं.

"मला ठेवा नाहीतर ती कपड्यांची खोली ठेवा," काकू म्हणाल्या.

सरळ ट्रेलरचा हिशेब: 5,860 चे 13 टक्के 762, अधिक 80, अधिक 550. 1,392. दीडशे पौंड शिल्लक. गूजनेकमध्ये तर पिकअपवर येणारा भार 20 ते 25 टक्के असतो. भरलेला साडेआठ हजारांचा धरला तर किमान 1,700. संपलाच विषय. गूजनेक वाईट नाही, उलट भार मागच्या आसाच्या वर बसतो म्हणून तो रस्त्यावर सगळ्यांत स्थिर चालतो आणि वळतोही छान. पण त्याला मोठा पिकअप लागतो, आणि मोठ्या पिकअपला वहिनींची परवानगी लागते.

घोड्याचं माप

सोडवणूक झाली असं वाटलं होतं. सरळ ट्रेलर घ्यायचा, झालं. पण लेक स्लँट-लोडवरून हटेना. तिचं म्हणणं रास्त होतं: तिरपा उभा राहिलेला घोडा ब्रेकच्या धक्क्याला बरा तोंड देतो, असं सगळे म्हणतात, आणि तोच ट्रेलर दोन घोड्यांचा, लहान, हलका मिळेल. मिळालाही एक. विक्रेत्याने टेप लावून दाखवलं, तिरप्या कप्प्याची लांबी 102 इंच. ड्यूक नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत, मान सैल सोडून, 94 इंच. मग अडचण काय?

अडचण भूमितीची. ट्रेलर आतून 72 इंच रुंद. 45 अंशांत आडवी भिंत लावली तर ती भिंतीपासून भिंतीपर्यंत 102 इंच भरतेच, टेप खोटं बोलत नाही. पण तो कप्पा आयत नाही, समांतरभुज चौकोन आहे, आणि घोडा मागच्या बाजूला जवळजवळ आयत. पुठ्ठा सव्वीस इंच रुंद. कोपऱ्यात तो टेकला की त्याच्या मध्यरेषेपासून भिंत तेरा इंच दूर राहते. पुढे डोकं अरुंद, तरी पाचेक इंच जातात. 102 मधले 18 गेले, उरले 84. मॅपल तेवढ्यात जेमतेम मावली असती. ड्यूकला सगळा वेळ मान वाकडी धरून उभं राहावं लागलं असतं. त्याला काय वाटतं हे तो बोलून दाखवत नाही. पुढच्या वेळी चढत नाही, आणि आपण म्हणतो घोडा हट्टी आहे.

अजून एक. तिरप्या ट्रेलरमध्ये पुढचा घोडा आधी चढतो आणि शेवटी उतरतो. पुढच्याला काही झालं तर मागच्याला रस्त्यात उतरवून कुणीतरी धरून उभं राहायचं. हायवेच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यात. त्या रात्रीचा अनुभव ताजा होता, त्यामुळे हे मित्राला पटकन पटलं.

सरळ ट्रेलरमध्ये छातीच्या दांड्यापासून मागच्या दांड्यापर्यंत 76 इंच मिळत होते, ड्यूकचं छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंग 68. डोक्याला त्यापुढे मोकळी जागा, मान खाली घालता येते. ही गोष्ट दिसायला किरकोळ, पण लांबच्या प्रवासात घोड्याचं डोकं वर बांधून ठेवलं तर श्वासनळीतली धूळ आणि घाण बाहेर पडत नाही, आणि फुप्फुसाचा आजार होतो. म्हणून तीन-चार तासांनी थांबून डोकं खाली सोडू द्यायचं असतं.

तर हिशेब सरळ ट्रेलरच्या बाजूने. वजन बसतं, घोडा मावतो, किंमत बसते. एक छानसा लोखंडी ट्रेलर साडेनऊ हजार डॉलरला दिसला. मी 'घ्या' म्हणालो. ही माझी चूक क्रमांक एक.

मॅपलचं मत

प्रशिक्षिका साठीच्या आसपासची, टेक्सासच्या गावठी इंग्रजीत बोलणारी बाई. ती म्हणाली, पैसे देण्याआधी घोडीला विचारा. तबेल्यात तीन प्रकारचे ट्रेलर होते. तिने एका रविवारी तिन्ही ओळीने उभे केले, दारं उघडी टाकली आणि लेकीच्या हातात लांब दोर दिला. सांगितलं, ओढायचं नाही, दामटायचं नाही, चाबूक नाही, गाजर नाही. फक्त दारापर्यंत न्यायचं आणि थांबायचं.

सरळ ट्रेलरपाशी मॅपलने उतरत्या फळीवर एक पाय ठेवला. फळी पोकळ वाजली. पाय काढला, नाकपुड्या फुगवल्या, आणि शेजारचं गवत खायला लागली. दहा मिनिटं. नाही.

स्लँट-लोडपाशी मान आत घालून बघितलं. आडव्या भिंतीला हुंगलं. अर्धी आत गेली आणि उलटी बाहेर आली.

स्टॉक ट्रेलर शेजारच्या शेतकऱ्याचा होता, शेणाने माखलेला. फळी नाही, बारा-तेरा इंचांची पायरी. मॅपल पुढे झाली, मान खाली घालून कडा हुंगली, आणि जशी काही रोजची सवय आहे तशी टापा वाजवत आत. आत गेल्यावर वळली, तोंड मागच्या दाराकडे केलं आणि आमच्याकडे बघत उभी राहिली.

प्रशिक्षिका हसली. मोकळं सोडलं तर अनेक घोडे तोंड मागे करून उभे राहतात, हे घोडेवाले जुन्यापासून बघत आले आहेत. तसं उभं राहिल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके कमी राहतात, असंही काही प्रयोगांत दिसलंय. ब्रेक लागतो तेव्हा धक्का डोक्या-छातीला न बसता मागच्या भरदार अंगाला बसतो, हे एक कारण असू शकेल. सगळेच घोडे तसे उभे राहतात असं मात्र नाही.

मला मात्र त्या क्षणी सारंगखेडा आठवलं. मी शहाद्याचा. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार अख्ख्या देशात नावाजलेला. मारवाडी, काठेवाडी घोडे दूरदूरून ट्रक-टेम्पोतून यायचे. उतरत्या फळ्या कुणाकडे नव्हत्या. मातीचा उंचवटा बघायचा, ट्रक मागे घेऊन त्याला टेकवायचा, घोडा आपण होऊन चालत बाहेर. माझे वडील म्हणायचे, जमीन वाजली नाही की घोडं घाबरत नाही. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलं, आणि टेक्सासात फळी पोकळ वाजेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. पदवीच्या नादात हे असं होतं.

जाता जाता: आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आता घोड्यामागे 2.25 चौरस मीटर जागा ठरवून दिलेली आहे. पिकअपमध्ये घोडा चढवून त्याची शेपूट बाहेर लोंबत नेणारे लोक मी अजून बघतो, सुट्टीत गेलो की.

दोन ट्रेलर तपासले

साडेनऊ हजारांचा लोखंडी ट्रेलर तरीही बघायला गेलो, कारण आगाऊ रक्कम देण्याची घाई मी करून ठेवली होती. बाहेरून नवा रंग. आत रबराच्या जाड चटया. मालक म्हणाला, चटया कशाला उचलता, जड आहेत. मग तर उचलायलाच हव्या होत्या. खाली लाकडाच्या फळ्या. मागच्या दाराजवळ, जिथे घोड्याचं मूत साचतं, तिथे मी पेचकस टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खाली सरपटत जाऊन बघितलं तर आडव्या पट्ट्यांना गंजाचे पापुद्रे. अकराशे-बाराशे पौंडांचा प्राणी चार लहान खुरांवर उभा असतो. तळ खचला तर त्याचे पाय धावत्या रस्त्यावर जातात. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

टायरला नक्षी भरपूर होती. पण बाजूच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे 2316, म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या-उभ्या उन्हात म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनी बदलायचे, नक्षी कशीही असो. आम्ही परत फिरलो. आगाऊ दिलेले दोनशे डॉलर गेले. ते मी मित्राला द्यायला निघालो, त्याने घेतले नाहीत, वहिनींनी घेतले.

मग स्टॉक ट्रेलरचा शोध. इथे लेक रुसली. तिच्या मैत्रिणी आरशांच्या, गाद्यांच्या ट्रेलरमधून उतरणार आणि ही गुरांच्या डब्यातून. हे दुःख खरं आहे, मी त्याला हसणार नाही. पण काकूंनी तिला काय सांगितलं कोण जाणे, दोन दिवसांनी तीच जाहिराती पाठवायला लागली.

मिळालेला ट्रेलर अॅल्युमिनियमचा, आतून 16 फूट लांब, 6 फूट रुंद, 7 फूट उंच. मधोमध झुलतं दार, त्यामुळे आठ-आठ फुटांचे दोन कप्पे. पुढचं नाक निमुळतं, त्यात खोगिरं ठेवायला जागा. एका कप्प्याचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर, भारतातल्या त्या नियमाच्या जवळपास दुप्पट. ड्यूक आठ बाय सहाच्या जागेत कर्णावर उभा राहिला तर त्याला दहा फूट मिळतात, म्हणजे मान वाकडी धरायची गरज नाही. उंची हा एकच कच्चा दुवा. 16.2 च्या घोड्याला साडेसात फूट असते तर मला बरं वाटलं असतं. लेकीने त्याला चढताना-उतरताना डोक्यावर चामड्याची जाड टोपी घालायचं ठरवलं. तडजोड आहे, ती तशीच लिहून ठेवतो.

अॅल्युमिनियम म्हणजे चिंता मिटली असं नाही. गंजत नाही, पण मुतातल्या क्षारांनी त्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी धरते. चटया महिन्यातून एकदा तरी उचलून धुवायच्या. जिथे लोखंडी बोल्ट अॅल्युमिनियमला टेकतात तिथे जास्त खराब होतं, ते बघायचं. आणि वजनातला फरक जाहिरातीत वाटतो तेवढा नसतो, कारण ताकद मिळवायला पत्रा जाड घ्यावा लागतो. हा रिकामा 2,900 पौंड भरला. लोखंडी सरळ ट्रेलरपेक्षा दोनशेच कमी, पण लांबीला मोठा.

तपासणी थोडक्यात: तळ टोचून बघितला, ठणठणीत. विजेचे ब्रेक चारही चाकांना. टेक्सासात 4,500 पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक लागतातच, पण ते लागणं आणि चालणं यांत फरक आहे. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी दोरी ओढून बघितली, तर काही झालं नाही. तिची छोटी बॅटरी मेलेली होती. मालकाने लगेच नवी बसवली आणि परत ओढली, चाकं जाम. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते त्याला आठवत नव्हतं, म्हणजे आपण भरायचं. टायर 2022 चे. किंमत 11,200 वरून 10,600 वर आली. वहिनींनी उतरवली.

हिशेब: 2,900 अधिक 2,360 अधिक 400 म्हणजे 5,660. 13 टक्के 736. अधिक 80, अधिक 550. 1,366. काकूंसकट 174 पौंड शिल्लक.

चूक क्रमांक दोन

पहिली फेरी नोव्हेंबरच्या शेवटी, दीड तासाच्या अंतरावरच्या स्पर्धेला. मॅपल आधी चढली म्हणून ती पुढच्या कप्प्यात, ड्यूक मागच्यात. पाण्याची 25 गॅलनची टाकी ड्यूकच्या कप्प्यात कोपऱ्याला बांधली, कारण नाकातल्या जागेत खोगिरं मांडताना ती मधे येत होती. मांडणी माझी. मी मागून माझ्या गाडीने येत होतो.

ताशी पंचावन्न मैलांपर्यंत ठीक. साठला एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मला मागून स्पष्ट दिसत होतं. मित्राने ब्रेक दाबला नाही, हे त्याचं नशीब आणि थोडी अक्कल. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला आणि हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक हलका लावला, तसा तो सरळ झाला. पुढच्या ट्रक-स्टॉपवर बाजूला घेतलं. वहिनी काहीच बोलत नव्हत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

अशा ट्रक-स्टॉपवर मालवाहू ट्रकांसाठी काटा असतो. पंधरा-एक डॉलरमध्ये कोणीही वजन करू शकतं, आणि पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलरची चाकं असे तीन आकडे वेगळे मिळतात. वजन वाटणाऱ्या दांड्या सोडून गाडी काट्यावर घेतली. पिकअपच्या पुढच्या चाकांवर 3,010, मागच्यांवर 3,540, ट्रेलरवर 5,210. मग बाजूच्या जागेत ट्रेलर सोडला, नुसता पिकअप माणसांसकट परत काट्यावर: 3,150 आणि 2,950. पिकअपवरचा फरक 450. म्हणजे 5,660 पौंडांचा ट्रेलर हिचवर फक्त 450 ने दाबत होता, आठ टक्क्यांनी. मी कागदावर तेरा टक्के गृहीत धरून टाकले होते, जणू ते ट्रेलरवर छापून येतात. ते येत नाहीत. कोण कुठे उभं आहे यावर ठरतात. सरळ ट्रेलरमध्ये दोन्ही घोडे शेजारी उभे, त्यामुळे हा प्रश्न फारसा उठत नाही. तिथे फक्त जड घोडा किंवा एकटा घोडा डावीकडे ठेवतात, कारण इथे रस्ता मधून उंच आणि उजवीकडे उतरता असतो. आपल्याकडे ते उलट करावं लागेल. स्टॉक ट्रेलरमध्ये मात्र घोडे एकामागे एक, आणि मी जड घोडा मागे, वर दोनशे पौंड पाणीही मागे ठेवलं होतं.

दोन्ही घोडे उतरवले. ड्यूक पुढे, मॅपल मागे. टाकी नाकात, खोगिरं मधल्या दाराच्या कठड्यावर. मॅपल या वेळी चढली ती कोणी सांगायच्या आत, आणि परत तोंड मागे करून उभी. परत काटा. फरक 730.

दुसऱ्यांदा साठ मैलांवर तसाच एक ट्रक शेजारून गेला. ट्रेलर जागचा हलला नाही. मी फोन करून विचारलं, आत सगळे बरे आहेत ना. लेक म्हणाली, "काका, हळू बोला, आजी झोपलीय."